बिनबुडबुड्यांचं पाणी

हाक मारली की ओ द्यायची, एवढी साधी रीत. आमच्या शर्वरीकडे ती राहिलेली नाही. मी मागच्या दारातून 'शरू' म्हणून ओरडते. ही पुढच्या पडवीत बसलेली असते, कान शाबूत आहेत, मान वळलेली दिसते, पण तोंडातून ओ नाही. आधी छाती वर होणार, मग ओठ सुटणार, मग 'काय गो आये' बाहेर पडणार. तोवर चुलीवर पेज उतू गेलेली. वाडीतल्या बायका म्हणतात, सुगंधाची लेक परमुलखात राहून शेफारली. शेफारली असती तर मला परवडलं असतं. शेफारलेल्या पोरीला दोन शब्द सुनावले की ती जाग्यावर येते. हिला सुनावलं तर ही सगळं ऐकून घेते आणि उत्तर देण्याआधी श्वास शोधत बसते. तोवर भांडण शिळं होतं.

हसण्याचंही तेच. माझे दीर बाबल, आमची होडी तेच हाकतात, जेवताना काहीतरी वेडंवाकडं बोलतातच. मी हसते, भावजी स्वतःच्याच बोलण्याला हसतात, शर्वरी भात कालवत असते. आम्ही सोलकढीवर आलो की ती हसते. भावजी म्हणतात, हिला सकाळी विनोद सांगून ठेवावा, रात्रीच्या जेवणाला उपयोगी पडतो.

मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

देवबागच्या टोकाला, एका अंगाला खाडी आणि दुसऱ्या अंगाला दर्या, तिथे आमचं डायव्हिंगचं दुकान. हिचे बापूस तापाने गेले तेव्हा ही पहिलीत होती. दुकान मीच ओढलं. शाळा माझी चौथीपर्यंत, तीही मास्तर भला होता म्हणून. पण पाहुणा गाडीतून उतरला की त्याच्या नाकाकडे बघून कुठला मास्क गळणार नाही ते मी सांगते, आणि पोटाकडे बघून तो खाली गेल्यावर किती नखरे करणार तेही सांगते. भावजी नांगर टाकायचे, दुकानातली पोरं पाहुण्यांना धरून खाली न्यायची, आणि मी होडीच्या कडेला बसून बुडबुडे बघायची. ते माझं काम. कुणी शिकवलं नव्हतं. बघून बघून जमलं.

पाहुण्यांचे बुडबुडे भाताच्या आधणासारखे, नुसता खळखळाट. आमच्या पोरांचे सावकाश, एकामागे एक. शर्वरीचे सगळ्यांत वेगळे. एक झुबका वर यायचा, मग पाणी गप्प, मग दुसरा झुबका, जसा कुणी खाली बसून निवांत गजरा गुंफतोय. दहा माणसं खाली असली तरी माझी लेक नेमकी कुठे आहे ते मी बोट दाखवून सांगायची. बुडबुडे येतायत तोवर माणूस आपलं. आणि कमरेला दोरी. वरून दोन हिसके दिले की हातातलं टाकून वर यायचं, का म्हणून विचारायचं नाही. शर्वरीला अक्षरं यायच्या आधी हे दोन हिसके कळत होते. दोरी हाताशी नसेल तर खांद्यावर दोनदा थापटायचं. अर्थ तोच, वर ये.

मग दर्या तापला. दर्यातल्या किल्ल्यामागची पोवळी आधी फिकी झाली, मग हाडासारखी पांढरी. पाहुणे काय हाडं बघायला येणार? आले तरी आपलं तोंड पाण्यात बुडवून फोटो काढायचे आणि वर येऊन मला विचारायचे, रंग कुठे गेले. जसे काही मीच ते पेटीत ठेवले होते.

शर्वरीला परक्या दर्यात काम मिळालं ते त्याच सुमाराला. दूर दक्षिणेला, थंड आणि खोल पाण्यात, पोवळ्यांची रोपं वाढवायचं. इथे मेली ती तिथे जगवायची. पहिल्यांदा निघाली तेव्हा तिचं सामान मी निवडलं. विमानात वजन तोलून नेतात म्हणे, त्यामुळे काय न्यायचं आणि काय ठेवायचं यावर दोन दिवस वाद झाला. तिला पायात घालायचे लांब फिन न्यायचे होते. मी म्हटलं, लांब फिन पिशवीत मावत नाहीत आणि वाकडे झाले की पायाला गोळे येतात, आखूड ने. सिलेंडर न्यायचा विचारही नको, तो तिथे मिळतो, शिशाची वजनं तिथे मिळतात. मास्क आपला, कारण दुसऱ्याच्या नाकाला बसलेला मास्क आपल्या नाकाला गळतो. आणि सिलेंडरची हवा तोंडात आणणारा रेग्युलेटर आपला, कारण तो दातांत धरायचा असतो. आमच्या दुकानाचा नियमच आहे: तोंडाला लागतं ते आपलं, पाठीला लागतं ते भाड्याचं. नवाकोरा रेग्युलेटर मी तिला तेव्हा घेऊन दिला आणि माझ्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून पिशवीत वर ठेवला. पिशवीत शेवटचा हात माझा. तेव्हापासून दर खेपेला शेवटचा हात माझाच.

पहिल्या सुट्टीला ती एक पेटी घेऊन आली. जेवणाच्या डब्याएवढी. म्हणाली, हेच आता सगळं. सिलेंडर नको, रेग्युलेटर नको, होडीत हवा भरायचा भाता नको. मी झाकण उघडलं. आत खारं पाणी, आणि त्यात एक गड्डी, बारीक शेवयांसारखी.

तो कल्ला होता, माशाला असतो तसा. तिने समजावलं तसं सांगते. पाण्यात हवा असते, सोड्याच्या बाटलीत असते तशी विरघळलेली, फक्त फार थोडी. मासा तीच घेतो. या शेवया म्हणजे केसाहून बारीक पोकळ नळ्या. आतून माणसाचं रक्त जातं, बाहेरून समुद्राचं पाणी. नळीची भिंत अशी की रक्त बाहेर येत नाही, पाणी आत जात नाही, हवा मात्र इकडची तिकडे होते. चांगली हवा रक्तात येते, वापरून झालेली दर्यात जाते. पाण्यात हवा थोडी, म्हणून एक छोटा पंखा पाणी सारखं ओढत राहतो. गळ्याजवळच्या हाडाखाली एक झाकण बसवतात, त्याला कल्ल्याच्या दोन नळ्या जोडल्या की झालं. छाती हलवायचं कारणच नाही. माणूस खाली दिवसचे दिवस राहतो, तिथेच झोपतो.

तिने पोलकं बाजूला करून ते झाकण दाखवलं. नवरीने डोरलं दाखवावं तसं. बाजारात आम्ही मासा घेताना कल्ले उघडून बघतो, तांबडे असले तर ताजा. दुसऱ्या दिवशी तिने होडीत कल्ला पाठीला लावला आणि त्या शेवया बघता बघता तांबड्या झाल्या. माझ्या लेकीच्या पाठीवर ताज्या सुरमईचे कल्ले.

ती पाण्यात गेली. मी सवयीने कडेला बसले. पाणी मिटलं आणि मिटलेलंच राहिलं. एकही बुडबुडा नाही. डाव्या अंगाला बघितलं, उजव्या अंगाला बघितलं. भावजींनी विडी पेटवली, म्हणाले, आता तुमका सुट्टी वयनी. दोरी नव्हती, ती नको म्हणाली होती. मी त्या सपाट पाण्याकडे बघत बसले आणि मला वाटलं, आत कुणी नाहीच, मी बाजारातून परतीच्या होडीत बसलेय आणि मला मूल कधी झालंच नाही. ती वर आली तेव्हा तिचे केस कोरडे होईपर्यंत मी ते पदराने पुसत राहिले.

ती फार वेळ खाली राहिली नव्हती. आपल्या दर्यात आता कल्ला चालत नाही म्हणाली. तापलेल्या पाण्यात हवा टिकत नाही, सोडा तापला की फसफसून जातो तशी. म्हणजे माझ्या दारातलं पाणीसुद्धा माझ्या लेकीच्या उपयोगाचं उरलं नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण माणसाला वाईट बातमी हप्त्याहप्त्याने घ्यायची सवय असते.

पुढच्या खेपेला ती उत्तर द्यायला उशीर करू लागली. त्याच्या पुढच्या खेपेला कमरेच्या वर बांधायचा एक पट्टा घेऊन आली.

त्यामागचं कारणही तिनेच सांगितलं, थांबत थांबत. मला वाटायचं, श्वास घ्यावासा वाटतो तो हवा संपत आली म्हणून. तसं नाही. हवा संपल्याचं शरीराला फार उशिरा कळतं. आधी कळतं ते घाण साठल्याचं. वापरून झालेली हवा रक्तात साठली की मेंदूच्या मुळाशी एक पहारेकरी बसलाय तो ओरडतो, ही बाहेर टाक, नवी आत घे. आपण झोपतो तेव्हाही तो जागा असतो, म्हणून आपण सकाळी उठतो. कल्ला ती घाण इतकी साफ काढतो की पहारेकऱ्याला महिनेच्या महिने काम उरत नाही. बिनकामाचा पहारेकरी काय करतो ते कुणालाही विचारा. तो झोपला. तिच्या कंपनीला वाटलं, जमिनीवर आलं की आपोआप उठेल. काही जणांचा उठला. माझ्या लेकीचा नाही.

म्हणजे जागेपणी ती आठवणीने श्वास घेते, आपण वेळेवर औषध घेतो तसा. बोलायचं तर आधी हवा भरायला लागते, हसायचं तर आधी हवा भरायला लागते, आणि भरेपर्यंत हसू निघून जातं. आणि झोपेत कोण आठवण करणार? तो पट्टा. छाती थांबली की तो बरगडीत झटका देतो, श्वास घेतला की गप्प बसतो.

मी म्हटलं, मेल्या पहारेकऱ्याच्या जागी हा कुत्रा बांधला होय.

या खेपेला ती आली तेव्हा पडवीत पिशवी ठेवल्या ठेवल्या सांगून मोकळी झाली. कंपनीच्या डॉक्टरणीने स्पष्ट केलं होतं की असं ये-जा करणं यापुढे जमायचं नाही. शरीर पट्ट्यालाही सरावतं. झटका वाढवत वाढवत आता शेवटच्या टोकाला आणलाय. कल्ला कायमचा सोडला तर आहे एवढ्यावर तरून जाईल, पट्टा लावून, शेजारी माणूस ठेवून, जमिनीवर. नाहीतर खालच्या कायमच्या तुकडीत जायचं. तिथे झोपही पाण्यात, जेवण पाण्यातल्या खोलीत, पट्ट्याचं काम नाही. वर यायचं नाही.

"आये, आता दोनातला एकच," ती म्हणाली. "कल्लो नायतर जमीन."

"मगे इचारतंस काय? सोड तो कल्लो."

तिची छाती वर झाली. मी वाट बघितली.

"इचारूक नाय इलंय. बघूक इलंय, जमता काय."

जमतं का म्हणे. जमिनीवर राहणं जमतं का! गाई राहतात, कोंबड्या राहतात. पण मी तोंड आवरलं. मनात म्हटलं, बघू दे. मी जमवून दाखवते.

म्हणून मी रात्री पट्ट्याला दिल्या आणि दुपार माझ्याकडे घेतली. जेवण झालं की ती ओसरीवर चटईवर आडवी व्हायची, मी तिचा पट्टा सोडून दुकानाच्या खुंटीवर टांगायची. त्याच्या झटक्याने तिच्या बरगडीखाली लाल वळ उठले होते, बैलाच्या खांद्याला जू लागतं तसे. माझ्या घरात माझ्या डोळ्यादेखत माझ्या लेकीला यंत्राने ढोसावं? मी काय मेलेय? मी उशाशी बसायची, तिच्या छातीवर नजर. बुडबुडे बघितलेत मी सगळा जन्म, छाती बघायला काय लागतं. छाती खाली गेली आणि खालीच राहिली की मी खांद्यावर दोनदा थापटायची. लगेच श्वास. पुन्हा थांबली, पुन्हा दोनदा. एकदाही चुकली नाही. झोपेतसुद्धा माझं ऐकत होती. भावजी दारातून डोकावून बोटांनी विचारायचे, चाललंय का. मी हातानेच सांगायची, होडी हाका तुमची.

मला गर्व झाला होता, खोटं कशाला सांगू. परदेशातल्या डॉक्टरणीला जे शेवटच्या टोकाला नेऊन जमत नव्हतं ते मला दोन बोटांनी जमत होतं. वाडीत मी सांगून आले की शर्वरी आता इथेच राहायची. पाटाच्या पलीकडच्या मुळेकरांच्या मुलाचं नावही मी मनात घोळवलं. दुकानाच्या भिंतीला चुना काढला. पाहुणे नसले तर नसले, पोरांना पोहायला शिकवू, माझी लेक होडीत बसून हिशेबाने सांगेल आणि मी ओरडेन.

मग एका दुपारी मला वाटलं, बघावं. आता इतके दिवस माझा हात आहे, पहारेकरी थोडा तरी जागा झाला असेल. आपण थापटतोय म्हणून तो सुस्त पडलाय, असंही असेल. लहान मुलाला सारखं धरून चालवलं की ते चालत नाही. म्हणून छाती खाली गेली तेव्हा मी हात मांडीवर ठेवला.

छाती खालीच राहिली. मी म्हटलं, आत्ता येईल. बाहेर माडाची एक झावळ पडली, तिचा आवाज आला, शर्वरीची पापणी हलली नाही. आत्ता येईल. तिचा चेहरा माझ्यासमोर होता. तिच्या कपाळाला या खेपेला एक आठी पडलेली असायची, मोजत बसलेल्या माणसाला असते तशी. ती आठी गेली. गालावरची ओढ गेली. तोंडाचे कोपरे सैल झाले. मला तिचा लहानपणचा चेहरा दिसला, दोरी कमरेला बांधून पाण्यात सोडायच्या आधीचा, हावरा, सुखी. कितीतरी वर्षांनी दिसला. मी तो बघत राहिले. ओठांची कड जांभळी व्हायला लागली तरी मी बघत होते, कारण एवढी सुखी ती माझ्या घरात आल्यापासून एकदाही दिसली नव्हती.

मग मी दोनदा थापटलं. जोरात थापटलं.

छाती वर आली, आणि त्याबरोबर ती आठी परत आली.

त्यानंतर मी ओसरीच्या खांबाला टेकून बसले आणि थापटत राहिले, ती उठेपर्यंत. उठल्यावर मी तिला मुद्दाम विचारलं, माझा हात बरा की पट्टा बरा. कुणीतरी माझी बाजू घ्यायला हवी होती, आणि घरात दुसरं कुणी नव्हतं. तिने पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, खाली ठेवला, हवा भरली.

"पट्टो ढोसता तेव्हा नुसता दुखता," ती म्हणाली. "तू दोनदा थापटतंस तेव्हा माका वर येवचा लागता. तळासून."

मला कळलं नाही. मी म्हटलं, म्हणजे?

"सपनात. तू हिसको देतंस आणि मी वर येतंय. परत खाली जातंय, परत हिसको. झोपभर मी नुसती वर येत ऱ्हवतंय, आये. खंयच पोचणंय नाय."

डायव्हिंग शिकवताना आम्ही पाहुण्याला पहिली गोष्ट सांगतो ती ही, की खालून एकदम वर येऊ नका. सावकाश या, मध्ये थांबा, नाहीतर रक्तात हवेचे फुगे होतात आणि माणूस जन्माचा लुळा होतो. मोठमोठ्या गाड्यांतून आलेल्या लोकांना मी हे दरडावून सांगितलंय. आणि माझ्या लेकीला मी रोज दुपारी शंभरदा तळातून खेचून वर काढत होते, आणि ती येत होती, कारण दोन हिसक्यांवर का म्हणून विचारायचं नाही हे मीच तिला शिकवलं होतं. दुसरी खूण मला येत नव्हती. आमच्या घरात वर बोलवायची खूण आहे, श्वास घ्यायची नाही. ती कधी लागलीच नाही.

मी तिला म्हटलं, मग मी एकदाच थापटेन. तळवा नुसता ठेवेन. गाणं म्हणेन. जमवू आपण.

ती हसली. या खेपेला वेळेवर हसली. आधीच हवा भरून ठेवली असणार.

त्या दिवसापासून तिने दुपार माझ्याकडून काढून घेतली. ती रात्री पट्टा लावायची आणि दुपारी झोपायची नाही. पुळणीवर जाऊन बसायची, पाण्याला पाय लागतील एवढ्या अंतरावर. बायका तिच्याजवळ बसून सोयरिकींच्या गोष्टी काढायच्या आणि उत्तर यायच्या आत कंटाळून उठायच्या.

चार दिवसांनी तिने घरापुढच्या खळ्यात चटई पसरून सामान मांडलं. मला बोलावलं नाही, पण चटई माझ्या नेहमीच्या जागेसमोर घातली. मी येऊन बसले. दोघी मिळून निवडायचं ही आमची रीत होती आणि ती मोडायची हिंमत तिलाही नव्हती. पिशवी या खेपेला आणखी लहान होती. कल्ल्याची पेटी आधी गेली, त्यावर वाद नव्हताच. अंगाला चिकटणारा काळा सूट घडी घालून गेला. मी विचारलं, जाड का नेत नाहीस, खाली थंडी. तिने मानेने सांगितलं, लागत नाही. चाकू गेला. हातमोजे दोन जोड होते, मी म्हटलं एक फाटलाय तो ठेव, तिने ऐकलं. मास्कचा रबर मी ओढून बघितला, एका जागी चीर दिसली, दुकानातून नवा आणून बसवला, नाकाला लावून ओढ बघितली. बसला. इतकं सगळं नीट चाललं होतं की मला वाटलं, अजून काही ठरलेलं नाही, ही मला नुसती दाखवतेय. सामान मांडलं म्हणजे माणूस गेलं असं नाही. दुकानात रोज मांडतो आपण.

पट्टा चटईवर नव्हता. ते रात्रीचंच सामान, मी म्हटलं, शेवटी जाईल. दर खेपेला तो शेवटीच जायचा. आणि त्याचा मला आधार असायचा, कारण तिथे पाण्यात झोपणाऱ्याला पट्टा लागत नाही. पट्टा लागतो तो जमिनीवर येणाऱ्याला. पिशवीत पट्टा गेला म्हणजे माझी लेक परत येणार. तो घेतला की कपाळावर हात मारायची मी, केवढं ओझं म्हणायची, आणि मनात देवाचे पाय धरायची.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर गाडी आली. भावजींनी पिशवी उचलून गाडीजवळ नेली आणि मला हाक मारली, वयनी, तुमचो हात. शेवटचा हात माझा. मी पदराला हात पुसले आणि पिशवी उघडली.

वरच लुगड्याचा तुकडा होता. माझा, निळा, विटलेला. त्यात रेग्युलेटर. इतकी वर्षं ती मला म्हणत होती की आता त्याचा काही उपयोग नाही आये, आणि मी जबरदस्तीने कोंबत होते. आज तिने आपल्या हाताने बांधून घेतला होता. गाठ माझ्यासारखी, मध्ये खोचलेली. मी खाली हात घातला. मास्क, सूट, पेटी. बाजूचा कप्पा बघितला. पुन्हा तळापर्यंत गेले.

भावजींची नजर दुकानाच्या दारातून आत गेली. खुंटीवर, सिलेंडरांच्या वर, पट्टा लोंबत होता. दुपारी मी टांगायची त्याच खुंटीवर.

"वयनी, पट्टो ऱ्हवलो," ते म्हणाले आणि आणायला निघाले. मी त्यांचं मनगट धरलं.

शर्वरी गाडीच्या दाराला हात लावून उभी होती. मी तिला विचारलं नाही. नुसतं बघितलं. तिची छाती वर झाली, ओठ सुटले. मी थांबले. पेज उतू जाईल एवढा वेळ थांबले, कधी नव्हे ती तिच्या हवेची वाट मुकाट्याने बघितली. भरलेला श्वास तिने तसाच सोडून दिला. त्यात एकही शब्द नव्हता.

मी पिशवीतून रेग्युलेटर काढला, लुगड्याचा तुकडा सोडून कमरेला खोचला, दुकानात गेले आणि पट्ट्याशेजारी, भाड्याच्या सामानाच्या रांगेत तो टांगला. मग बाहेर आले, पिशवीची चेन ओढली, ती भावजींच्या हातात दिली आणि लेकीसमोर उभी राहिले.

"पट्टो तू इसारलंस नाय शरू, ठेवलंस. इसारलेल्याची वाट बघतत, ठेवन गेलेल्याची कोण बघणा नाय. आणि तो रेग्युलेटर माझी आठवण म्हणान नेव नको. आठवण मेलेल्याची नेतत, मी जिती आसंय. तो उद्यापासून भाड्यान जातलो."